नाशिकला सगळ्यात जवळचा समुद्र: डहाणू-बोर्डी किनाऱ्याची पार्श्वभूमी

डहाणूजवळ होऊ घातलेलं वाढवण बंदर थेट समृद्धी महामार्गाला जोडणाऱ्या सुमारे १०५ किलोमीटरच्या द्रुतगती रस्त्याला राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरपासून निघणारा हा रस्ता त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड असे तालुके कापत डहाणूत उतरणार आहे. तो कंटेनरसाठी आहे, हे सरकारी टिपणात स्पष्ट लिहिलंय. नाशिककराने त्यातून ऐकलं ते मात्र एवढंच की समुद्र दीड तासावर येणार. मग शनिवारी सकाळी निघून बोर्डीच्या सुरूच्या बनात डबा खायचा आणि रात्री घरी, असे बेत आखले जाऊ लागले. त्या टोकाचा किनारा आज जसा आहे तसा का आहे, हे मात्र या बेतांत सहसा येत नाही. तिथे बावीस मजली टॉवर नाहीत, वाळूला लागून हॉटेलांची रांग नाही आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अजून चिकूच्या वाड्या आहेत. त्यामागे बराच जुना वाद आहे.

सध्याचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. त्र्यंबक, तोरंगण घाट, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी असं करत दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर डहाणू येतं. चारोटीजवळच्या महालक्ष्मीला थांबणं होतंच. चैत्रात हनुमान जयंतीपासून तिची यात्रा भरते, तेव्हा मात्र हा रस्ता टाळलेला बरा. दुसरी वाट पेठ-धरमपूरकडून वापी आणि पुढे दमणची. तिकडे गाड्या कशासाठी वळतात ते सांगायला नको. अलिबाग, दापोली, गणपतीपुळे या नाशिकसाठी मुक्कामी सहली. एका दिवसात जाऊन यायचं तर डहाणूच.

हा संबंध नवा नाही. पांडवलेण्यांतल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाच्या जावयाचा, उषवदाताचा शिलालेख आहे, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. कोणकोणत्या नद्यांवर त्याने लोकांसाठी फुकट नावा सुरू केल्या, त्याची यादी त्यात आहे: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका. दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, यावर अभ्यासकांचं बरंचसं एकमत आहे. त्याच लेखात नानंगोल गावातली ३२,००० नारळाची झाडं दान दिल्याचा उल्लेख आहे, आणि हे नानंगोल म्हणजे संजाणजवळचं नारगोळ असं मानतात. शाळेच्या सहलीत आपण सगळे त्या लेण्याच्या ओसरीत उभे राहून आलोय. भिंतीवर डहाणू कोरलेलं आहे हे तेव्हा कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

पुढची दीड हजार वर्षं इथे चार ओळींत उरकतो. संजाणला पारशी उतरले. संजाण पडल्यावर त्यांचा पवित्र अग्नी बोर्डीजवळच्या बाहरोटच्या डोंगरातल्या गुहांमध्ये बारा वर्षं लपवून ठेवला होता, अशी त्यांची परंपरा सांगते. आज तो उदवाड्याला आहे. पोर्तुगीज आले, आणि १७३९ च्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी त्यांना इथून हुसकावलं. १८६४ मध्ये मुंबई-सुरत रेल्वे पुरी झाली. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातला गेलं आणि एका किनाऱ्याच्या एका गोष्टीचे दोन तुकडे झाले. संजाण, नारगोळ, उदवाडा तिकडे राहिले. बाहरोट आणि बोर्डी इकडे.

बोर्डीला पहिल्यांदा बाहेरून माणसं आली ती पर्यटक म्हणून आलीच नाहीत. ती आली शिकायला आणि शिकवायला. नाशिकमध्ये १९२४ साली कॉलेज उभं करणाऱ्या शिक्षणसंस्थेचीच बोर्डीतली शाळा त्याच्याही आधीची. १९४५ साली इथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, पुढे तो कोसबाडच्या टेकडीवर गेला, आणि अंगणवाडी ही कल्पना तिथूनच देशभर पोचली. शिबिरं, सहली, हवापालट असलाच पाहुणा इथे वर्षानुवर्षं येत राहिला. त्याला सुरूची सावली, उथळ आणि ओहोटीला दूर ओसरणारा समुद्र आणि वाडीतला चिकू पुरत होता. घोलवड परिसरात चिकू रुजवला तो पारशी-इराणी बागायतदारांनी, विसाव्या शतकाच्या तोंडावर.

खरी गोष्ट सुरू होते १९८० च्या दशकाच्या अखेरीस, आणि तिची सुरुवात पर्यटनातून झालेली नाही. डहाणूच्या खाडीवर ५०० मेगावॉटचं कोळशावरचं वीज केंद्र मंजूर झालं. बागायतदारांना राख आणि गंधकाच्या धुराची धास्ती वाटली, मच्छीमारांना खाडीची. काही स्थानिक मंडळी कोर्टात गेली. प्रकल्प थांबला नाही. १९९० च्या दशकाच्या मध्याला तो सुरूही झाला. पण त्या रेट्यातून एक वेगळीच गोष्ट पदरात पडली. २० जून १९९१ रोजी केंद्राने अधिसूचना काढून अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, देशव्यापी अधिसूचना आली होती. तिच्याशी या अधिसूचनेची कायम गल्लत होते. सीआरझेड भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत पाहतं. डहाणूच्या अधिसूचनेत किनाऱ्यापासून डोंगरापर्यंतचा सगळा तालुका येतो. तिने उद्योगांचे हिरवा, नारिंगी आणि लाल असे गट पाडले आणि लाल गटाला दार बंद केलं. मान्य उद्योगांना मिळून जास्तीत जास्त ५०० एकर जागा ठरवली. तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगांपासून मोकळा ठेवायला सांगितलं. वर्षभरात प्रादेशिक आराखडा करा, त्यात वनं, बागा, आदिवासी क्षेत्रं दाखवा आणि तिथला जमीनवापर बदलू नका, असंही त्यात होतं.

आराखडा अर्थातच वर्षभरात झाला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालात अंमलबजावणीचे आदेश आले आणि डिसेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमलं गेलं. एका तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण ही तेव्हाही नवलाची गोष्ट होती. त्याने कामही केलं. वीज केंद्राने धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवावी हा १९९९ चा आदेश त्याचाच. कंपनीने ती प्रत्यक्षात बसवली २००७ मध्ये. आठ वर्षं लागली हे खरं, पण देशात बाकीच्या बहुतेक ठिकाणी अशी यंत्रणा तेव्हा नव्हती.

या निर्णयाबद्दल डहाणूत एकमत कधीच नव्हतं. दक्षिणेला तारापूर-बोईसर, उत्तरेला वापी, दोन्हीकडे कारखाने आणि मध्ये आपल्यालाच मनाई का, असं विचारणारे तेव्हाही होते. इथल्या पोरांना कामासाठी रोज रेल्वेने बोईसर किंवा वापी गाठावं लागतं, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. जमीन विकसित करता न आलेल्यांची नाराजी तर उघडच आहे. दुसरीकडे, तारापूर आणि वापीच्या नाल्यांची अवस्था ज्यांनी पाहिलीय त्यांना डहाणूची बाजू समजावून सांगावी लागत नाही. प्रस्तुत लेखक याच दुसऱ्या गटातला आहे, हे वाचकाने धरून चालावं.

पर्यटनाला या निर्बंधाचा फायदा झाला, पण तो उद्देश म्हणून नव्हे. अधिसूचनेचा रोख उद्योगांवर होता. जमीनवापर बदलता येत नाही म्हटल्यावर वाडी वाडीच राहिली, आणि पाहुणा आला की त्याला वाडीतल्याच घरात खोली मिळू लागली. डहाणू-बोर्डीचं आजचं निवासाचं रूप, म्हणजे चिकूच्या झाडाखाली खाटा, मागच्या चुलीवरचं जेवण आणि मालकाशी गप्पा, यातूनच तयार झालं.

आता वाढवण. डहाणूच्या दक्षिणेला असलेल्या या गावासमोर समुद्र नैसर्गिकपणे खोल आहे, त्यामुळे बंदराची कल्पना पहिल्यांदा १९९० च्या दशकात आली. एका परदेशी कंपनीला ते बांधायचं होतं. १९९८ मध्ये प्राधिकरणाने ते नाकारलं: एवढं मोठं बंदर या अधिसूचनेत बसत नाही. पंधरा-सोळा वर्षं विषय थंड राहिला. २०१४ नंतर तो पुन्हा आला, या वेळी सरकारी प्रकल्प म्हणून.

सगळं प्रकरण येऊन अडलं ते एका प्रश्नावर: बंदर हा उद्योग आहे का? असेल, आणि तोही लाल गटातला, तर डहाणूत त्याला जागाच नाही. पूर्वीच्या वर्गवारीत बंदरं लाल गटात होती. २०२० मध्ये केंद्रीय पातळीवर वर्गवारी बदलली आणि बंदरं, धक्के, गाळ उपसणं ही कामं बिगर-औद्योगिक ठरली. डहाणूची अधिसूचना होती तशीच राहिली. तिच्यातल्या यादीचा अर्थ बाहेरून बदलला. मधल्या काळात, २०१९ च्या जानेवारीत, दोन दशकांहून जास्त काळ प्राधिकरणाचे अध्यक्ष असलेले न्यायमूर्ती वारले होते. नव्या रचनेतल्या प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटी घालून बंदराला संमती दिली. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या संमतीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला, ३० ऑगस्टला पायाभरणी झाली.

बंदराची बाजू मांडणारे म्हणतात की बंदर बहुतांश समुद्रात भराव घालून होणार, १,४४८ हेक्टरचा भराव, त्यामुळे तालुक्याच्या जमिनीला धक्का कमी. तांत्रिकदृष्ट्या यात तथ्य आहे. पण मच्छीमाराचं शेत समुद्रातच असतं. वाढवणपासून खाली सातपाटीपर्यंतचा पट्टा पापलेटसाठी नावाजलेला, आणि पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला तो २०२३ मध्ये. त्याच वर्षी ही संमती! वाढवणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला जे दिसतं ते बोर्डीच्या सपाट पुळणीवर दिसत नाही: डबकी, शिंपले, खेकडे, समुद्रफुलं. जवळच शंखोदर आहे, रामाने इथे दशरथाचं श्राद्ध केलं अशी गावाची श्रद्धा. रामकुंडावर तेच करणाऱ्या नाशिककराला हे ठिकाण ठाऊक असायला हवं होतं, पण सहलीच्या कुठल्याही माहितीपत्रकात ते सापडत नाही.

या वादाच्या समांतर, जवळजवळ त्याच्याशी संबंध नसल्यासारखं, पर्यटन वाढत गेलं. १६ एप्रिल २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि शनिवार-रविवारची गर्दी बदलली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बोर्डीत चिकू महोत्सव भरू लागला, चिकूची वाइनही निघाली. वाइनवर आपलाच हक्क आहे असं समजणाऱ्या नाशिकने ती एकदा चाखून पाहायला हरकत नाही. वारली चित्रांमुळे गंजाडसारख्या आतल्या गावांत परदेशी पाहुणे आधीपासून येत होते; इथल्या एका ज्येष्ठ चित्रकाराला २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पारनाक्याला जखमी समुद्री कासवांवर उपचार होतात.

२०२० मध्ये राज्याने आठ किनाऱ्यांवर शॅकचं, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या खाणावळींचं, धोरण आणलं, त्यात पालघरचे केळवा आणि बोर्डी होते. ऐंशी टक्के शॅक स्थानिकांना, वेळ सकाळी सात ते संध्याकाळी सात. कागदावर चांगलं आहे. पण बोर्डीला संध्याकाळी सातनंतरच वारा सुटतो आणि माणसं पुळणीवर रेंगाळतात, हे धोरण लिहिणाऱ्याने बहुधा पाहिलेलं नव्हतं. पाण्यातल्या खेळांत तारकर्लीशी स्पर्धा करावी असा आग्रहही अधूनमधून ऐकू येतो. तारकर्लीचं पाणी नितळ, तिथे स्कूबा शोभतं. बोर्डीचं पाणी गढूळ, किनारा उथळ आणि भरती-ओहोटीचा फरक मोठा. इथे घोड्यावर बसावं, टांग्यातून फिरावं, ओहोटीला चालावं, थंडीच्या सकाळी नीरा मिळाली तर प्यावी आणि उन्हाळ्यात ताडगोळे मिळाले तर खावेत. याहून जास्त मागणाऱ्याने कोकणाची वाट धरावी.

वाढवण गाव डहाणूच्या दक्षिणेला आहे, बोर्डी उत्तरेला, सतराएक किलोमीटरवर. वरोर ते तवा हा बंदराचा ३२ किलोमीटरचा जोडरस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळणार आहे, आणि भरवीरहून येणारा नवा रस्ताही तव्यालाच पोचणार आहे. म्हणजे नाशिकहून निघालेली गाडी आणि बंदराकडे निघालेला कंटेनर तिथपर्यंत एकाच मार्गिकेत असतील. तिथून पुढे डहाणू-बोर्डीकडे जाणारा रस्ता तोच आहे, वाड्यांमधून जाणारा, दोन मार्गिकांचा. त्याच्या रुंदीकरणात किती चिकू जातील यावर १९९१ च्या अधिसूचनेचा आधार घेऊन कुणी बोलायला उभं राहिलं, तर त्याला अजूनही बोलता येईल. ती रद्द झालेली नाही.