निसान ३००झेडएक्स (झेड३२) : टर्बो की साधी

निसानच्या ३००झेडएक्स या स्पोर्ट्स कारची झेड३२ ही पिढी १९८९ मध्ये जपानात 'फेअरलेडी झेड' या नावाने आली आणि १९९० च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकली जाऊ लागली. अमेरिकेतली विक्री १९९६ च्या मॉडेलबरोबर संपली, जपानात ती २००० पर्यंत चालू राहिली. दोन्ही रूपांत इंजिन ३ लिटरचे व्ही-६. मुख्य फरक हा की एकाला (इथे 'साधी') टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, नाही, दुसऱ्याला दोन आहेत. जुनी झेड३२ घ्यायला निघालेला माणूस बहुधा अश्वशक्तीच्या आकड्यावर निर्णय घेतो. आकडा खोटा नाही. पण ही गाडी पाच-सात वर्षे सांभाळायची असेल, तर बॉनेट उघडून आत हात कुठवर पोचतो, ते आधी बघावे.

इंजिनांतला फरक

साध्या गाडीतल्या इंजिनाचे नाव व्हीजी३०डीई. क्षमता २९६० सीसी, कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) १०.५:१. अमेरिकी गाडीत ते ६४०० आरपीएमला २२२ अश्वशक्ती आणि ४८०० ला सुमारे २६८ न्यूटन-मीटर टॉर्क देते. टर्बोचे व्हीजी३०डीईटीटी तेवढ्याच सीसीचे, पण कॉम्प्रेशन ८.५:१ वर आणलेले. मॅन्युअल गिअरसोबत ३०० अश्वशक्ती, ऑटोमॅटिकसोबत २८०. टॉर्क सुमारे ३८४ न्यूटन-मीटर, तोही ३६०० आरपीएमलाच. जपानी गाडीला मात्र २८० चाच आकडा मिळाला, कारण तिथल्या कंपन्यांनी आपसांत तेवढी मर्यादा पाळली होती.

दोन छोटे टर्बो एकामागून एक जागे होत नाहीत. तीन सिलिंडरच्या प्रत्येक रांगेला आपला एक टर्बो आणि पुढच्या बंपरच्या कोपऱ्यात आपला एक इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा), अशी ही मांडणी आहे. टर्बो लहान असल्याने लॅग, म्हणजे पॅडल दाबल्यावर जोर यायला लागणारा उशीर, थोडा आहे, पण आहे. पुण्या-मुंबईत धावणाऱ्या आजच्या एक लिटरच्या टर्बो पेट्रोल गाड्या दीड-दोन हजार आरपीएमला जोर धरतात. तशी अपेक्षा इथे ठेवू नये. उलट साधे इंजिन पायाखाली सरळ, एका रेषेत चढते आणि वळणात किती पॅडल दाबायचे याचा अंदाज लवकर येतो. ० ते ६० मैलांसाठी टर्बोला साधारण साडेपाच सेकंद लागतात, साधीला सातच्या आसपास.

टर्बोसोबत येते ते नुसते इंजिन नाही. अमेरिकी टर्बोला सुपर हायकास, म्हणजे मागची चाकेही किंचित वळवणारी यंत्रणा, बटणाने मऊ-कडक होणारे शॉक अॅब्सॉर्बर, ऑइल कूलर आणि मागे रुंद, २४५ मिलिमीटरचे टायर मिळतात. साधीला चारही टायर २२५ चे. मागच्या चाकांना ताकद वाटणारा डिफरन्शिअलही वेगळा : त्याचा गिअर रेशो साधीत ४.०८३, टर्बोत ३.६९२. वजनात सुमारे १०० किलोंचा फरक पडतो आणि त्यातला बराच पुढच्या चाकांवर बसतो.

बाजारानुसार निवड आधीच झालेली असू शकते. अमेरिकेत टर्बो फक्त दोन सीटची होती. २+२ (मागे दोन छोट्या सीट असलेली) आणि १९९३ मध्ये आलेली उघड्या टपाची गाडी, दोन्ही साध्याच. ब्रिटनमध्ये अधिकृतपणे २+२ टर्बो विकली गेली, ऑस्ट्रेलियात २+२ साधी. जपानी गाडीत चासीच्या नंबराची सुरुवातच सांगते : झेड३२ म्हणजे दोन सीटची साधी, सीझेड३२ दोन सीटची टर्बो, जीझेड३२ साधी २+२ आणि जीसीझेड३२ टर्बो २+२. बंपर आणि मागचे बॅज बदलणे सोपे असते, म्हणून नंबर बघितल्याशिवाय टर्बोचे पैसे मोजू नयेत. भारतात ही गाडी अधिकृतपणे विकली गेली नाही.

सांभाळण्याचा खर्च

झेड३२ मध्ये बॉनेटखाली बोट घालायला जागा नाही, ही तक्रार दोन्ही गाड्यांबद्दल आहे. टर्बोच्या बाबतीत ती खिशाला लागते. टर्बो इंजिनाच्या दोन्ही बाजूंना खाली, एक्झॉस्टला चिकटून बसलेले असतात. त्यामुळे ते बदलायचे तर बहुतेक कारागीर इंजिन उतरवतात. एका टर्बोची सील गेली तरी दोन्ही एकदम बदलायचे, नाहीतर वर्षभराने तेच काम पुन्हा. साध्या गाडीत हा खर्चच नाही.

उष्णता हा दुसरा शत्रू. टर्बोच्या आसपासचे रबरी पाइप, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या आणि वायरिंगचे कनेक्टर कडक होऊन तडकतात. इंटरकूलरकडे जाणारा पाइप फाटला, तर गाडी काळा धूर सोडते आणि पॅडल सोडताच बंद पडते. हवा मोजणारा एअरफ्लो मीटर टर्बोच्या आधी बसलेला असतो. मोजलेली हवा पुढे गळाली तरी कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण हिशेबाने घालतो. 'इंजेक्टर गेले' असे निदान करून हजारोंचा खर्च करण्याआधी हे क्लिप आणि पाइप हाताने चाचपावेत.

इंजेक्टर खरोखरच जातात, हेही तितकेच खरे. साधारण १९९४ पूर्वीच्या जुन्या नमुन्याच्या, इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरमधल्या वायरच्या गुंडाळ्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने खराब होतात. मल्टिमीटरवर प्रत्येकाचे रेझिस्टन्स १० ते १४ ओहम यावे. एकाने सूर वेगळा काढला तर सहाही बदलणे शहाणपणाचे, कारण ते इनटेक प्लेनमच्या (इंजिनावरच्या हवेच्या पेटीच्या) खाली असतात आणि मजुरी तेवढीच पडते. हे दुखणे टर्बो-साधी दोघींचे. पेट्रोलचेही तसेच : साधी घेतली म्हणून कमी ऑक्टेन चालेल हा गैरसमज आहे. १०.५ चे कॉम्प्रेशन आहे, तिलाही प्रीमियमच लागते.

टायमिंग बेल्ट (व्हाल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ राखणारा पट्टा) ६०,००० मैलांना, म्हणजे सुमारे ९६,००० किलोमीटरला बदलायचा. गाडी उभीच राहिली असेल तर अंतराची वाट बघू नये. बेल्ट तुटला की व्हाल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उघडावे लागते. बेल्टसोबत तो ताणून धरणारा टेन्शनर, आयडलर पुली, वॉटर पंप आणि पुढच्या ऑइल सीलही बदलतात. बिलात नुसता 'बेल्ट' लिहिला असेल तर अर्धे काम झाले असे धरावे.

घेण्याआधी काय बघावे

इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून मागे उभे राहावे. सुरू होताना निळा धूर आणि दोन-तीन मिनिटे आयडल केल्यावर पॅडल दाबताच पुन्हा निळा ढग, हे टर्बोच्या सीलचे लक्षण. इंटरकूलरचा पाइप काढून आत बोट फिरवावे : ओलसर तेलाचा पातळ थर सामान्य आहे, थेंब थेंब जमलेले तेल नाही. सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. आकड्यापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा; दोन सिलिंडरांत १४ पीएसआयहून जास्त फरक असेल तर बोलणी थांबवावीत.

या गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच दोष सांगतो, स्कॅनरची गरज नाही. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत तो पॅसेंजरच्या पायाखाली, गालिच्यामागे आहे. चावी ऑन ठेवून कॉम्प्युटरच्या बाजूचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने पूर्ण फिरवावा, दोन सेकंद थांबून परत उलटा करावा. लाल दिवा लुकलुकतो : लांब झळक दशकाची, छोटी एककाची. पाच लांब, पाच छोट्या म्हणजे ५५, दोष नाही. २१ आला तर इग्निशनचे पॉवर ट्रान्झिस्टर युनिट तपासावे. जुन्या गाड्यांत ते इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, उष्णतेतच बसवले आहे, म्हणून गाडी गरम झाल्यावर झटके देते.

टर्बो बघताना सगळ्यात कामाचा कोड ३४, म्हणजे नॉक सेन्सर (मिश्रण अवेळी भडकल्याची ठोक ऐकणारा). हा सेन्सर दोन हेडांच्या मधल्या दरीत, इनटेकच्या तळाशी असतो. तो गेला की कॉम्प्युटर बूस्टचे, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाचे, सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हाल्व्ह) बंद करतो, आणि नेहमीच्या सुमारे ९ पीएसआयऐवजी ७ च्या आसपासच बूस्ट मिळतो. गाडी चालते, आवाजही ठीक, फक्त दम कमी. 'टर्बो असूनही एवढीशीच पळते' असे वाटले तर विक्रेत्याचे स्पष्टीकरण ऐकण्याआधी हा कोड वाचावा.

१९९० ते १९९३ च्या अमेरिकी टर्बोत हायकास हायड्रॉलिक आहे आणि मागच्या रॅकपाशी गळते. १९९४ पासून ती विजेवर चालणारी झाली. बरेच मालक गळती दुरुस्त न करता ती यंत्रणा काढून मागची चाके पक्की करतात. काम नीट झालेले असेल तर गाडी नाकारण्याचे ते कारण नाही.

साधी घेऊन टर्बो करणे

सर्वांत फसवा मार्ग हाच. १०.५ कॉम्प्रेशनच्या इंजिनावर बूस्ट चढवला की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच मिश्रण आपोआप पेटते आणि पिस्टनच्या कडा तुटतात. तसे होऊ नये म्हणून पिस्टन, इंजेक्टर, कॉम्प्युटर, वायरिंग, ऑइल आणि पाण्याच्या लाइन, इंटरकूलर असे एकेक सुटे भाग जोडत गेले की बेरीज चांगल्या टर्बो गाडीच्या किमतीच्या पुढे जाते, आणि डिफरन्शिअल तरीही साधीचाच उरतो. शक्तीच हवी असेल तर पहिल्यापासून टर्बो घ्यावी. बेल्टची बिले, टर्बो कधी बदलले याची नोंद आणि मूळ बूस्टवर चाललेले इंजिन, एवढे मिळाले तर जास्त किलोमीटरची गाडीही, बदल करून करून थकलेल्या कमी किलोमीटरच्या गाडीपेक्षा बरी. रोज चालवायची, स्वतः हात घालायचा आणि सुट्या भागांचे बजेट आखडते असेल, तर मॅन्युअल गिअरची साधी गाडी घ्यावी.