तारेतली वीज आणि कागदावरची वीज

26 ऑगस्ट 2025 रोजी जर्मनीतील फ्रँकफर्टच्या प्रादेशिक न्यायालयाने ॲपल कंपनीला तिच्या मनगटी घड्याळाची जाहिरात ‘कार्बन डायऑक्साइडच्या दृष्टीने तटस्थ’ अशा शब्दांत करण्यास मनाई केली. ‘डॉइचे उमवेल्टहिल्फे’ या पर्यावरणवादी संस्थेने हा दावा दाखल केला होता. घड्याळाच्या निर्मितीतून आणि वापरातून होणारे उत्सर्जन आपण 75 टक्क्यांहून अधिक घटवले आहे आणि उरलेल्याची भरपाई कार्बन क्रेडिटमधून (म्हणजे दुसरीकडे टाळलेल्या किंवा शोषलेल्या उत्सर्जनाच्या विकत घेतलेल्या प्रमाणपत्रांतून), त्यातही पॅराग्वेमधील निलगिरीच्या लागवडीतून होते, असे कंपनीचे म्हणणे होते. लागवडीखालच्या सुमारे 75 टक्के जमिनीचे भाडेकरार 2029 मध्ये संपणार असल्याने ही झाडे पुढेही उभी राहतील याची खात्री नाही, हा मुद्दा न्यायालयाने ग्राह्य धरला. साहजिकच बातम्यांमध्ये आणि चर्चेत झाडेच राहिली. माझ्या मते खरा कुतूहलाचा विषय झाडांच्या आधीचा आहे. भरपाईला हातही न लावता उत्सर्जन तीन चतुर्थांश घटते, म्हणजे नेमके काय घटते?

त्यासाठी अशा कंपन्यांच्या पर्यावरण अहवालाची रचना थोडक्यात पाहू. जगातील बहुतेक मोठ्या कंपन्या ‘ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल’ नावाच्या नियमावलीनुसार आपले उत्सर्जन तीन भागांत मांडतात. कंपनीच्या स्वतःच्या वाहनांतून आणि भट्ट्यांतून निघणारा धूर स्कोप 1 मध्ये येतो, विकत घेतलेल्या विजेमागचे उत्सर्जन स्कोप 2 मध्ये, आणि पुरवठादारांचे कारखाने, मालवाहतूक, ग्राहकाच्या घरातील वापर आणि शेवटी होणारी विल्हेवाट हे सारे स्कोप 3 मध्ये. ॲपल स्वतः जवळजवळ काहीच बनवत नाही. चिप तैवानमध्ये घडतात, जुळणी चीन, व्हिएतनाम आणि आता तामिळनाडू-कर्नाटकात होते. त्यामुळे तिचे जवळपास सगळे उत्सर्जन स्कोप 3 मध्ये जाते. आपली कार्यालये, दुकाने आणि डेटा सेंटर शंभर टक्के नवीकरणीय विजेवर चालतात, असे कंपनीने एप्रिल 2018 मध्ये जाहीर केले. ते एकूण हिशेबाच्या एका लहानशा कोपऱ्याबद्दलचे विधान आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

आता एका वस्तूचा आकडा घेऊ. आयफोन 12 च्या पर्यावरण अहवालात त्याचा संपूर्ण आयुष्याचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे त्यामागचे एकूण उत्सर्जन, 70 किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्य (इतर हरितगृह वायूही कार्बन डायऑक्साइडच्या मापात धरून) इतका दिला होता. त्यातले 83 टक्के निर्मितीचे, 14 टक्के वापराचे आणि उरलेले थोडेसे वाहतूक व पुनर्चक्रणाचे होते. हा आकडा कोणी धुराड्यावर यंत्र लावून मोजलेला नसतो. प्रत्येक भागाचे वजन किंवा क्षेत्रफळ, त्यासाठी लागलेली वीज आणि त्या विजेचा उत्सर्जन गुणांक (एका युनिटमागे किती उत्सर्जन होते तो आकडा) यांचे गुणाकार आणि बेरजा करून तो काढलेला असतो. वापराचा भाग आपल्यालाही पडताळता येतो. बॅटरी साधारण 11 वॅट-तासांची. चार्जरमधील गळती धरली तर पूर्ण चार्जिंगला 14 वॅट-तास लागतात, असे मानू. रोज एकदा चार्ज केल्यास वर्षाला पाच युनिट होतात. भारतात एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे वर्षाला साडेतीन किलो. कंपनी फोनचे आयुष्य तीन वर्षे धरते. तीन वर्षांचे साधारण साडेदहा किलो होतात आणि अहवालातील 14 टक्के म्हणजे 9.8 किलो, दोन्ही आकडे किती जवळ आले, ते पाहावे.

निर्मितीचा आकडा एवढा मोठा असण्याचे मुख्य कारण सिलिकॉन, म्हणजे चिपनिर्मिती, आहे. म्हणूनच त्याच फोनची अधिक साठवणक्षमतेची आवृत्ती घेतली की फूटप्रिंट वाढतो, जरी वजन तेवढेच असले तरी. चिपवर अतिसूक्ष्म रेषा कोरण्याचे अत्याधुनिक यंत्र वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला सुमारे 50 हजार वेळा लेझरचा मारा करते आणि त्यातून 13.5 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मिळवते. अशा एकेका यंत्राला मेगावॉटच्या घरात वीज लागते. कोरीवकामासाठी आणि यंत्राच्या आतील कक्ष साफ करण्यासाठी फ्लोरीनयुक्त वायू वापरतात. त्यातील नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा एक किलो शंभर वर्षांच्या काळात सुमारे 17 हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. प्लाझ्मामध्ये, म्हणजे विद्युतभारित वायूत, त्याचे बहुतांश रेणू फुटतात आणि निसटलेले वायू जाळण्याची सोयही कारखान्यांत असते, पण गुणकच इतका प्रचंड असल्यावर थोडीशी गळतीसुद्धा हिशेबात उठून दिसते. तरीही एकूण विचार करता चिप कारखान्याच्या उत्सर्जनात सर्वांत मोठा वाटा विजेचा असतो, आणि तैवानची वीज अजून प्रामुख्याने कोळसा व वायूपासून बनते.

इथे तो भाग येतो, जो मला या साऱ्या हिशेबात सर्वांत विलक्षण वाटतो. ग्रिडमधील, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामाईक जाळ्यातील, विजेला उगम नसतो. सौर पार्कमधून आलेली आणि कोळशाच्या संचातून आलेली वीज एकाच तारेत मिसळते, आणि कारखान्याला त्या क्षणी ग्रिडमध्ये जे मिश्रण आहे तेच मिळते. मग एखादा कारखाना ‘मी हरित वीज वापरतो’ असे कशाच्या आधारावर म्हणतो? त्याची पद्धत महाराष्ट्रातील वीजग्राहकालाही परकी नाही. 2021 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने हरित वीजदराला मंजुरी दिली आणि युनिटमागे 66 पैसे जादा भरणाऱ्या ग्राहकाला शंभर टक्के हरित विजेचे प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाली. असा ग्राहक पुढच्या महिन्यात जादा पैसे भरतो तेव्हा त्याच्या घरातील तार, मीटर आणि त्यातून येणारी वीज यांत काहीही बदल होत नाही. नवीकरणीय निर्मितीचा तेवढा वाटा कागदोपत्री त्याच्या नावावर चढतो आणि इतर कोणाला त्यावर हक्क सांगता येत नाही.

ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉलने 2015 मध्ये स्कोप 2 साठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात म्हणूनच दोन हिशेब मांडायला सांगितले आहेत. पहिला स्थानाधारित, म्हणजे कारखाना ज्या ग्रिडवर आहे तिचा सरासरी गुणांक लावून केलेला. दुसरा बाजाराधारित, म्हणजे करार आणि प्रमाणपत्रे जमेस धरून केलेला. समजा, एखादा चिप कारखाना दिवसाला दहा लाख युनिट वीज घेतो आणि त्याच्या ग्रिडवर एका युनिटमागे अर्धा किलो उत्सर्जन होते. स्थानाधारित हिशेबाने त्याचे रोजचे उत्सर्जन 500 टन भरते. त्याच कारखान्याने वर्षभराच्या वापराइतकी सौर विजेची प्रमाणपत्रे घेतली, तर बाजाराधारित हिशेबाने ते शून्य भरते. दोन्ही आकडे नियमाला धरून आहेत, आणि मथळ्यात जागा मिळते ती बहुधा दुसऱ्याला.

या शून्यात कितपत तथ्य आहे, हे दोन गोष्टींवर ठरते. एक म्हणजे, त्या पैशातून नवा प्रकल्प उभा राहिला की आधीच चालू असलेल्या धरणाच्या विजेचे प्रमाणपत्र विकत घेतले गेले. दीर्घ मुदतीच्या खरेदी कराराच्या जोरावर उभारलेला पवन प्रकल्प कोळशाची काही वीज खरोखर हटवतो. जुन्या जलविद्युत केंद्राचे प्रमाणपत्र बहुधा काहीच हटवत नाही. दुसरी गोष्ट वेळेची. चिप कारखाना रात्रंदिवस चालतो, तर सौर पॅनेल सूर्य डोक्यावर असताना भरभरून वीज देते. वार्षिक बेरीज जुळली तरी रात्री दोन वाजता कारखान्याची गरज कोळसा आणि वायूच भागवत असतात, आणि दुपारची अतिरिक्त सौर वीज जिथे आधीच मुबलक आहे तिथे ती फारसे काही वाचवत नाही.

घड्याळाच्या हिशेबात याच तत्त्वाचा विस्तार ग्राहकाच्या घरापर्यंत झाला. 2023 मध्ये जाहीर केलेल्या निकषांनुसार निर्मितीसाठीच नव्हे, ग्राहक घड्याळ चार्ज करण्यासाठी वापरतील त्या अंदाजित विजेइतकीही स्वच्छ वीज जमेस धरली गेली. पुण्यातल्या घरात घड्याळ चार्जिंगला लावले जाते तेव्हा चंद्रपूर-कोराडीचा कोळसा जळतच असतो, अहवालात मात्र जगाच्या दुसऱ्या भागातील पवनचक्की किंवा सौर पार्क त्याची वजावट करतो. याला लबाडी म्हणणे मला योग्य वाटत नाही, कारण पद्धत अहवालात उघडपणे लिहिलेली आहे. पण ‘घटवले’ या क्रियापदात प्रत्यक्ष न झालेला धूर आणि प्रमाणपत्राने वजा केलेला धूर एकत्र येतात, आणि ते वेगळे करून दाखवणे ही कंपनीची जबाबदारी आहे. याउलट विमानाऐवजी जहाजाने माल पाठवणे किंवा नव्या ॲल्युमिनियमच्या सुमारे 5 टक्के ऊर्जेत तयार होणारे पुनर्चक्रित ॲल्युमिनियम वापरणे, ही घट निखळ भौतिक आहे. तिचे मनापासून कौतुक केले पाहिजे.

ऑक्टोबर 2020 मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी मोबाइलचे प्रारण कमी करणारी म्हणून शेणाची ‘चिप’ सादर केली, तेव्हा देशातील शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला आणि ते अत्यंत आवश्यक होते. खोक्यावर छापलेल्या हिरव्या चिन्हालाही तोच प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला हवी: हा आकडा कोणत्या गृहीतकांवर काढला आहे? फरक इतकाच की इथे उत्तर बहुधा अहवालाच्या तळटीपांमध्ये मिळते, फक्त ते वाचण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

भारतात सेबीने, म्हणजे भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेने, 2022-23 पासून आघाडीच्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल देणे बंधनकारक केले. त्याच्या मूळ नमुन्यात स्कोप 1 आणि 2 अनिवार्य होते, स्कोप 3 ऐच्छिक. सिमेंट किंवा पोलाद कंपनीच्या बाबतीत अशा अहवालातूनही बरेच कळते, कारण तिचा धूर तिच्याच धुराड्यातून निघतो. बाहेरून भाग आणून फक्त जुळणी करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या बाबतीत मात्र त्या चौकटीबाहेरच जवळजवळ सगळे राहून जाते.

ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉलने स्कोप 2 च्या नियमांच्या फेररचनेसाठी 2025 मध्ये मसुदा चर्चेला ठेवला. त्यातील प्रस्तावानुसार बाजाराधारित हिशेबात विजेची प्रमाणपत्रे वार्षिक बेरजेऐवजी तासागणिक जुळवावी लागतील, आणि तीही त्याच ग्रिड क्षेत्रातील निर्मितीची असावी लागतील. त्यामुळे दुपारच्या सौर विजेने रात्रीचा वापर वजा करता येणार नाही. त्यासाठी बॅटरी, वारा किंवा पाण्याची त्या वेळची वीज दाखवावी लागेल. ही दुरुस्ती स्वीकारली गेली, तर वर उदाहरणादाखल घेतलेल्या कारखान्याला सौर प्रमाणपत्रांच्या बळावर फक्त उन्हाच्या तासांतला वापर शून्य दाखवता येईल आणि उरलेल्या तासांचे उत्सर्जन त्याच्या नावावर पुन्हा मांडावे लागेल.