मूत्राशयाचा कर्करोग आणि रक्तातून आलेला वारसा

१८९५ साली फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या शल्यविशारदाने एक निरीक्षण मांडलं. फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांना मूत्राशयात गाठी होत होत्या. रंगाच्या धंद्यातलं काहीतरी लघवीत उतरून ही गाठ धरायला लावतं, हा त्यांचा अंदाज खरा ठरला. पुढे त्यातून अ‍ॅरोमॅटिक अमाइन या रसायनांचं अख्खं कुटुंबच संशयाच्या भोवऱ्यात आलं. तंबाखूच्या धुरातही ती असतात.

एक प्रश्न मात्र तेव्हा सुटण्यासारखा नव्हता. एकाच छपराखाली, तीच वाफ वर्षानुवर्षं हुंगणाऱ्या दोघांपैकी एकालाच गाठ का होते?

याचं उत्तर आलं ते भलत्याच वाटेने. १९५० च्या दशकात क्षयरोगावर आयसोनियाझिड दिलं जाऊ लागलं, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं की काहींच्या शरीरातून ते पटकन नाहीसं होतं, तर काहींच्या रक्तात बराच वेळ रेंगाळतं. हा फरक आईवडिलांकडून येतो. यकृतातलं एक एन्झाइम औषधाच्या रेणूला अ‍ॅसिटिल गट चिकटवून त्याची वासलात लावतं. ते बनवण्याचा आराखडा एनएटी-२ या जनुकात असतो. या जनुकाच्या काही आवृत्त्या चपळ असतात, काही संथ. आई आणि वडील दोघांकडूनही संथ आवृत्ती मिळालेला माणूस ‘संथ अ‍ॅसिटिलेटर’. युरोपीय वंशाच्या निम्म्याहून अधिक लोकांत ही स्थिती असते, जपानी लोकांत मात्र ती फार कमी आढळते. म्हणजे हा काही आजार नव्हे, माणसामाणसांतला साधा फरक आहे.

तेच एन्झाइम अ‍ॅरोमॅटिक अमाइनचाही निचरा करतं. ते संथ असेल तर रसायन यकृतातल्या दुसऱ्या वाटेला लागतं आणि तिथे त्याचं जास्त घातक रूप तयार होतं. ते मूत्रपिंडातून गाळून मूत्राशयात साठतं. लघवी तिथे तासन्‌तास थांबते. तेवढ्या वेळात हे रेणू आतल्या अस्तराच्या पेशींमधल्या डीएनएला चिकटतात.

मला या गोष्टीत सर्वांत विलक्षण वाटतात ती कुत्री. १९३८ मध्ये विल्हेल्म ह्यूपर या संशोधकाने कुत्र्यांना २-नॅफ्थिलअमाइन हे याच कुटुंबातलं रसायन देऊन त्यांच्या मूत्राशयात गाठी होतात हे दाखवलं. रंगउद्योगातल्या रसायनाविरुद्धचा तो भक्कम पुरावा होता. पुष्कळ वर्षांनी कळलं की कुत्र्यांमध्ये हे अ‍ॅसिटिलीकरण करणारी जनुकंच नसतात. संथ माणसाचं टोक म्हणावं असा प्राणी ह्यूपर यांनी नकळत निवडला होता.

पण संथ असणं वाईट आणि चपळ असणं चांगलं, असा सरळ हिशेब करू नये. बेंझिडीन हेही रंगउद्योगातलं अ‍ॅरोमॅटिक अमाइनच, पण चीनमधल्या बेंझिडीन कामगारांमध्ये संथ लोकांचा धोका वाढलेला दिसला नाही. बेंझिडीनच्या बाबतीत अ‍ॅसिटिलीकरण हीच घातक रूपाकडे नेणारी पायरी ठरू शकते. जनुक चांगलं की वाईट, हे समोर कोणतं रसायन आलं त्यावर ठरतं.

जीएसटीएम-१ हे घातक रसायनांचा निचरा करणारं असंच आणखी एक जनुक. युरोपीय वंशाच्या साधारण निम्म्या लोकांत त्याच्या दोन्ही प्रती गायब असतात. अशांचा मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो. संथ एनएटी-२ मुळे तो ४० टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि ही वाढ मुख्यतः धूम्रपान करणाऱ्यांत दिसते. आकडे ऐकून दचकायचं कारण नाही. मुळात थोडा असलेला धोका दीडपट झाला तरी थोडाच राहतो.

२००८ पासून हजारो रुग्णांचा संपूर्ण जनुकसंच चाळून त्यात या धोक्याशी जोडलेल्या इतरही जागा सापडल्या. त्यांतली एक एसएलसी१४ए१ या जनुकाची. ते लघवीतल्या युरियाची ने-आण सांभाळतं आणि ‘किड’ हा रक्तगटही त्याच्यावरूनच ठरतो. अशा एकेका जागेचा परिणाम अगदी किरकोळ असतो. एकत्र धरल्यावर मात्र चित्र बदलतं. २०१३ च्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या पन्नाशीच्या, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा पुढच्या ३० वर्षांतला धोका काढला होता. जनुकीय धोका सर्वांत कमी असलेल्या चौथाई गटात तो २.९ टक्के आला, सर्वांत जास्त असलेल्या गटात ९.९ टक्के. सिगारेट नसती तर पहिल्या गटातल्या दर लाख पुरुषांमागे सुमारे २,००० जण वाचले असते, दुसऱ्यात सुमारे ८,२००. ‘आमच्या रक्तातच आहे, आता सोडून काय उपयोग’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे दोन आकडे दाखवावेत असं मला मनापासून वाटतं. ज्याचा वारसा कच्चा, त्यालाच सिगारेट सोडण्याचा सर्वांत जास्त फायदा.

आतापर्यंतची जनुकं धोका थोडाथोडा वाढवणारी होती. फार थोड्या घराण्यांत गोष्ट याहून गंभीर असते. रेन यांनी निरीक्षण मांडलं त्याच १८९५ साली मिशिगनमध्ये अल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सांगितलं, की आमच्या घरातली माणसं आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही तशीच जाणार. दुर्दैवाने तसंच झालं. वॉर्थिन यांनी त्या घराण्याची वंशावळ मांडली. सुमारे शंभर वर्षांनी त्यातला दोष एमएसएच-२ या जनुकात सापडला. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, तेव्हा राहिलेल्या चुका दुरुस्त करणारं हे जनुक. आज या स्थितीला लिंच सिंड्रोम म्हणतात.

आतडं आणि गर्भाशय यांच्यामागोमाग या घराण्यांत मूत्रपिंडातली लघवीची पोकळी आणि तिथून मूत्राशयाकडे येणारी नळी इथेही कर्करोग होतो. एरवी ही जागा दुर्मीळ. मूत्रमार्गाच्या अस्तराचे शंभरातले पाच-दहाच कर्करोग तिथे होतात. त्यामुळे नळीत गाठ निघाली, विशेषतः तरुण वयात, तर आईचा आतड्याचा किंवा मावशीचा गर्भाशयाचा कर्करोग डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवा. बोलताना तो ‘वेगळा आजार’ म्हणून गाळला जातो आणि धागा तिथेच तुटतो. गाठीच्या तुकड्यावर दुरुस्तीची प्रथिनं जागेवर आहेत का, हे तपासता येतं. ती नसतील तर पुढची पायरी रक्ताच्या जनुकीय चाचणीची. तीत दोष निघाला, तर रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावाबहिणीत आणि मुलात तो असण्याची शक्यता निम्मी असते. ज्यांच्यात तो निघेल, त्यांची आतड्याची दुर्बिणीने तपासणी गाठ होण्याची वाट न पाहता सुरू करता येते.