गूढ-प्रेमकथा : खानदेशातील वाचनाभिरुची

अतींद्रिय घटना, रहस्याचा उलगडा आणि प्रेमसंबंध ही तीन सूत्रे एकाच कथानकात गुंफणाऱ्या कथा-कादंबऱ्यांचा वर्ग. भयकथेत भय हे साध्य असते, रहस्यकथेत उलगडा. गूढ-प्रेमकथेत ही दोन्ही साधने होतात आणि प्रेमिकांचे मीलन किंवा कायमची ताटातूट हे साध्य ठरते. दोघांपैकी एक जण बहुधा मृत, शापित, पुनर्जन्म घेतलेला किंवा मरणच न येणारा असतो. या प्रकाराचे आकर्षण कशात आहे, याचा विचार येथे खानदेशच्या, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. मोगलकालीन खानदेश सुभ्यातील बऱ्हाणपूर व असीरगड ही ठिकाणे आता मध्य प्रदेशात असली, तरी कथापरंपरेचा विचार करताना ती वगळता येत नाहीत.

रसविचार : भय आणि प्रेम एकत्र नांदू शकतात काय, हा प्रश्न भारतीय साहित्यशास्त्राला जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात (काळ विवाद्य, सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. तिसरे शतक यांच्या दरम्यान मानतात) शृंगारापासून हास्य, रौद्रापासून करुण, वीरापासून अद्भुत आणि बीभत्सापासून भयानक, असा उत्पत्तिक्रम दिला आहे. त्यात शृंगार व भयानक यांची गाठ पडत नाही. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने तर साहित्यदर्पणात शृंगाराचे विरोधी रस म्हणून करुण, बीभत्स, रौद्र, वीर आणि भयानक यांची यादीच दिली. या हिशेबाने हडळीवर जीव जडलेला नायक हा रसदोषाचा नमुना ठरतो.

यातून वाट काढली ती नवव्या शतकातील आनंदवर्धनाने. ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्योतात (प्रकरणात) त्याने विरोधपरिहाराचे उपाय सांगितले आहेत. दोन विरोधी रसांचे आश्रय, म्हणजे ते रस ज्यांच्या ठायी असतात ती पात्रे, वेगळे ठेवावेत, किंवा त्यांच्यामध्ये दोघांनाही चालणारा तिसरा रस आणावा. दुसऱ्या उपायाचे उदाहरण म्हणून तो नागानंद नाटकाकडे बोट दाखवतो. तेथे शांतरसात रमलेल्या जीमूतवाहनाचे एकदम मलयवतीवर प्रेम बसते, पण तिला पाहण्याआधी तो तिचे गाणे ऐकतो आणि चकित होतो. शांत व शृंगार यांच्यामध्ये हा क्षणभराचा अद्भुत येऊन बसतो, असे टीकाकारांचे विवेचन आहे. गूढ-प्रेमकथेची बांधणी नेमकी अशीच असते. वाड्यातली ती बाई दिसण्याआधी जिन्यावर मोगऱ्याचा वास येतो, बंद खोलीतून पैंजण वाजतात, आरशावर वाफ धरते. वाचकाला त्या वेळी भीती वाटत नसते आणि प्रेमही सुरू झालेले नसते. तो नुसता चकित असतो. जे लेखक हा मधला टप्पा गाळून थेट किंकाळीवरून चुंबनावर येतात, त्यांच्या कथा हास्यरसात जमा होतात.

पाश्चात्त्य समीक्षेत मनोविश्लेषक फ्रॉइडचा १९१९ मधील निबंध आणि साहित्यमीमांसक त्झ्वेतान तोदोरोव्हचा १९७० मधील ग्रंथ यांचा आधार या संदर्भात नेहमी घेतला जातो. परिचित वस्तूच अनोळखी होऊन परतते तेव्हा अस्वस्थता येते, असे फ्रॉइडचे म्हणणे. घटना नैसर्गिक की अलौकिक, या दोलायमान अवस्थेतच अशा वाङ्मयाचे अस्तित्व असते, असे तोदोरोव्हचे. तोदोरोव्हचा विचार काटेकोर असला तरी प्रस्तुत प्रकाराला पुरा पडत नाही, कारण नायक खरोखरच पिशाच्च आहे हे मधल्याच प्रकरणात उघड झाल्यावरही वाचक पुस्तक खाली ठेवत नाही. संशय फिटतो, ओढ मात्र राहते. तेथे आनंदवर्धनाची उपपत्ती अधिक उपयोगी पडते.

उगम : मराठीतील या प्रकाराच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार त्याचे मूळ इंग्रजी गॉथिक कादंबरीत, म्हणजे जुने वाडे-किल्ले आणि भुताटकी यांवर रचलेल्या कादंबरीत आहे. होरेस वॉलपोलपासून (१७६४) सुरू झालेली ती परंपरा अ‍ॅन रॅडक्लिफने उलगड्याच्या वळणावर नेली. तिच्या बहुतेक कादंबऱ्यांत शेवटी भुताचा लौकिक खुलासा होतो. पुढे जी. डब्ल्यू. एम. रेनल्ड्सच्या स्वस्त, सनसनाटी कादंबऱ्या हिंदुस्थानात विलक्षण खपल्या आणि देशी भाषांत उतरल्या. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी (१८८५) रेनल्ड्सच्या प्रभावाखाली सुरू झाल्याचे वाङ्मयेतिहासकार नोंदवतात. आपट्यांचा जन्म १८६४ मध्ये खानदेशातील पारोळ्याचा, पण त्यांचे लेखन पुण्यात घडले; तेव्हा या योगायोगावर फार भार टाकू नये.

दुसऱ्या मतानुसार ही परंपरा देशी आहे. पैठणच्या सातवाहन दरबाराशी जोडली जाणारी गुणाढ्याची पैशाची या प्राकृत भाषेतील बृहत्कथा, तिच्यावर आधारलेला सोमदेवाचा अकराव्या शतकातील कथासरित्सागर आणि त्यातच सामावलेली वेताळाची पंचवीस कोडी हा तिचा कणा. वेताळाच्या अनेक गोष्टी मुळात प्रेमकथा आहेत. एका मृत तरुणीवर तिघांचे प्रेम, ती जिवंत झाल्यावर कोणाची, हा प्रश्न स्मशानात प्रेताच्या तोंडून विचारला जातो. प्रेम, रहस्य आणि पिशाच्च यांची याहून घट्ट वीण क्वचितच सापडेल. वेताळपंचविशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मराठीत छापली गेली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची अद्भुतरम्य कादंबरी मुक्तामाला १८६१ ची, आणि अरबी सुरस गोष्टींचे मराठी रूपही त्याच सुमाराचे. संविधानकाची चौकट, म्हणजे वाडा, भुयार, कुलूपबंद दालन, इंग्रजीतून आली आणि आतले रहिवासी देशी राहिले, असे मानणे सयुक्तिक दिसते.

स्थानिक कथासंचय : खानदेशातील वाचकापर्यंत ही सामग्री छापील पुस्तकाआधी पोथीतून पोचली. धुंडीसुत मालूचा नवनाथ भक्तिसार शके १७४१ मध्ये (१८१९) पूर्ण झाला. इंग्रजीतील पिशाच्च-नायकाची पहिली प्रसिद्ध गद्यकथाही त्याच वर्षीची, हा निव्वळ काळाचा मेळ. श्रावणात गावोगाव या पोथीचे चाळीस अध्याय वाचले जातात. त्यातील मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात राणीच्या मोहात गुंततो आणि गोरखनाथ त्याला सोडवून आणतो. भर्तरीची कथा तर या प्रकाराचा आदर्शच म्हणावी. राजा भर्तरी पिंगळा राणीच्या निष्ठेची परीक्षा पाहण्यासाठी आपल्या मृत्यूची खोटी वार्ता पाठवतो, पिंगळा सती जाते आणि भर्तरी स्मशानात वर्षानुवर्षे तिच्या नावाने रडत बसतो. गोरखनाथ तेथे येतो, हातातले गाडगे फोडतो आणि गाडग्यासाठी गळा काढतो. तशी गाडगी हवी तितकी आणून देतो, असे राजा म्हणताच गोरख हव्या तितक्या पिंगळा उभ्या करतो. सगळ्या सारख्या, त्यातली आपली कोणती हे राजाला ओळखता येत नाही. पोथीला यातून वैराग्य शिकवायचे आहे, पण ऐकणाऱ्या बायाबापड्यांचे डोळे भरून येतात ते भर्तरीच्या विरहाने. अक्राणी तालुक्यातील तोरणमाळ येथे गोरखनाथाचे मंदिर व मच्छिंद्रनाथाची गुंफा आहे आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. त्यामुळे कथेतली माणसे या भागात दूरदेशीची वाटत नाहीत.

त्याच तालुक्यात अस्तंबा हे सातपुड्यातील सुमारे १,३२५ मी. उंचीचे शिखर आहे. धनत्रयोदशीच्या सुमारास भाविक अश्वत्थाम्याच्या दर्शनासाठी ते चढतात. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो डोंगरात फिरतो आणि वाट चुकलेल्यांना मार्ग दाखवतो, अशी श्रद्धा आहे. असीरगडाबाबतही अशीच कथा असून तेथील शिवमंदिरात तो पहाटे फूल वाहून जातो असे सांगतात. महाभारताच्या सौप्तिकपर्वात श्रीकृष्णाचा शाप तीन हजार वर्षे एकाकी भटकण्याचा आहे. मणी काढून देण्याचा प्रसंग तेथे येतो, तेल मागण्याचा येत नाही. सात चिरंजीवांच्या श्लोकात मात्र अश्वत्थामा पहिला आहे. मुदतीचा शाप आणि अमरत्व यांचा मेळ घालण्याचे अनेक प्रयत्न झाले. लोककथेने हा प्रश्नच मनावर घेतलेला नाही. दोन ठिकाणांपैकी मूळ कोणते, हा वादही निष्फळ आहे. अस्तंब्याची परंपरा यात्रेच्या रूपाने टिकली आणि असीरगडाची किल्ल्याच्या प्रसिद्धीमुळे दूरवर पसरली, इतके म्हणता येते. महत्त्वाचे हे, की बालहत्येचे पातक माथी असलेल्या या पुरुषाची येथे भीती वाटत नाही, कीव येते. आधुनिक गूढ-प्रेमकथेचा जखमी, अमर, पश्चात्तापदग्ध नायक खानदेशी वाचकाला चटकन आपलासा वाटतो, त्याची पूर्वतयारी या यात्रेने करून ठेवली आहे.

बऱ्हाणपूरच्या बाजूने आलेला संचय वेगळा, दरबारी आहे. मुमताजमहल जून १६३१ मध्ये तेथे वारली आणि तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिचे शव सुमारे सहा महिने राहिले. त्याच जैनाबादशी हिराबाई ऊर्फ जैनाबादी हिची कथा निगडित आहे. ती औरंगजेबाच्या मावशीच्या नवऱ्याच्या पदरची गायिका. अहकाम-इ-आलमगिरी या फारसी ग्रंथानुसार ती झाडाची फांदी धरून गुणगुणत असता शाहजादा तिला पाहून मूर्च्छित पडला. मआसिर-उल-उमरा या दुसऱ्या फारसी ग्रंथानुसार तिने उडी मारून आंबा तोडला. मावसोबांचे नावही दोन ग्रंथांत वेगवेगळे आहे. औरंगजेबाची दख्खनची पहिली सुभेदारी १६३६ ते १६४४ ची. हा प्रसंग तिच्यातला नसून दुसऱ्या सुभेदारीच्या आरंभीचा, १६५३ च्या आसपासचा असावा, हे इतिहासकार जदुनाथ सरकारांचे मत ग्राह्य वाटते. हिराबाई लवकरच वारली. या साधनांत भुताखेतांचा मागमूस नाही, पण नदीकाठची बाग, गाणे, मूर्च्छा आणि अकाली मृत्यू एवढे साहित्य हाती आल्यावर कथाकाराला वेगळे काही शोधावे लागत नाही.

ग्रामीण भुतावळीची नोंद त्रोटक आहे. मुंबई गॅझेटिअरचा खानदेश खंड १८८० चा. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या टिपणांवरून एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने सिद्ध केलेले लोकविद्येचे दोन भाग (१९१४-१५) गुजरात व कोकण यांपुरते आहेत. पिंपळावरचा मुंजा, पाणवठ्यावरच्या आसरा, वाट चुकवणारा चकवा ही मंडळी महाराष्ट्रभर आढळणारीच.

डाकीण व नायिका : सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ करण्याची, प्रसंगी जीव घेण्याची प्रथा राहिली आहे. बळी बहुधा विधवा, एकटी किंवा जमिनीत वाटा असलेली बाई ठरते. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने नंदुरबार भागात याविरुद्ध सातत्याने काम केले असून, महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली असा आरोप करणे गुन्हा आहे. गूढ-प्रेमकथेची नायिकाही एकटी राहणारी, रात्री बाहेर पडणारी, कोणाला न भिणारी असते. गावात जी लक्षणे आरोप ठरतात, तीच कथेत मोहक होतात. वाचक स्त्रियांना या नायिकेची ओढ का वाटते, याचे उत्तर भीतीपेक्षा येथे शोधावे. काही समीक्षक अशा कथांनी अंधश्रद्धा पोसली जाते असे मानतात. आक्षेप निराधार नाही. उपाय म्हणून उतारा, भगत आणि लिंबू-मिरची यांना यश देणाऱ्या कथांना तो लागू पडतो. मृत स्त्रीची बाजू ऐकून घेणाऱ्या, तिच्यावर झालेल्या अन्यायाचा छडा लावणाऱ्या कथांना मात्र तो लावणे योग्य नव्हे.

वाचक व ग्रंथालये : जळगावचे व. वा. जिल्हा वाचनालय १८७७ चे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानित वाचनालये तालुक्याच्या गावापलीकडेही पोचली. १८६० च्या दशकात रेल्वे आलेल्या भुसावळमध्ये स्टेशनावरचे पुस्तकांचे स्टॉल आणि रात्रपाळीचे कर्मचारी यांनी स्वस्त रहस्यकथांना गिऱ्हाईक दिले. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्णाळकर, पुढे भयकथेत नारायण धारप आणि गूढकथेत रत्नाकर मतकरी ही नावे येथेही महाराष्ट्रात इतरत्र होती तितकीच परिचित. दिवाळीत ‘नवल’ व ‘धनंजय’ यांसारख्या अंकांसाठी वाचनालयात नंबर लावावे लागत. जाड पुठ्ठा घालून शिवलेल्या या पुस्तकांची शेवटची पाने बहुधा आधी सुटतात, आणि आधीच्या एखाद्या वाचकाने समासात पेन्सिलीने उलगडा लिहून ठेवलेला असतो. तरीही पुस्तक पुढच्या माणसाकडे जातेच. रहस्य कळल्यावरही वाचन थांबत नाही, याचा हा घरगुती पुरावा मानता येईल.

अहिराणी या खानदेशी बोलीत हा प्रकार प्रामुख्याने मौखिक राहिला. उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट मातीच्या छतावर, बाजा (खाटा) टाकून सांगितलेली ‘गोट’ (गोष्ट) हे त्याचे रूप. छापील मराठी कथेत अहिराणी बोलतो तो सालदार (वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी) किंवा म्हातारी. भुते मात्र बहुतेक वेळा प्रमाण मराठीतच बोलतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन मंचांवर मराठी गूढकथा व प्रेमकथा भागाभागांनी प्रसिद्ध होतात, आणि २०१७ पासून स्टोरीटेलसारख्या सेवांमुळे त्या ऐकण्याची सोयही झाली आहे.