डागाळलेल्या काचेतून जास्त उजेड

गेल्या नवरात्रात एक फोटो माझ्याकडे तीन जणांनी पाठवला. अंबाबाईच्या देवळावरची रोषणाई, शिखरांवर दिव्यांच्या माळा आणि वर काळ्या आभाळात हिरव्या ठिपक्यांची रांग. खाली मजकूर होता, ‘देवीची दिव्य ज्योत, पुढे पाठवा.’

ते ठिपके आभाळात नव्हते, मोबाईलच्या लेन्समध्ये होते. खात्री करायची असेल तर रात्री रस्त्यावरच्या दिव्याकडे मोबाईलचा कॅमेरा धरा आणि हळूहळू उजवीकडे वळवा. स्क्रीनवर दिवा डावीकडे सरकेल आणि हिरवा ठिपका उजवीकडे. फोटोच्या मध्यबिंदूपलीकडे पडलेली ती दिव्याची उलटी प्रतिमा असते. ज्यांची देवीवर श्रद्धा आहे, त्यांनी तरी काचेतलं परावर्तन चमत्कार म्हणून पुढे पाठवू नये, असं मला मनापासून वाटतं.

फोटोग्राफर या ठिपक्याला ‘घोस्ट’ म्हणतात. माझी त्याच्याशी खरी ओळख झाली ती एका जुन्या लेन्समुळे. ५० मि.मी.ची, तीन भिंगांची, स्वस्तात मिळालेली. रंकाळ्यावर सूर्यास्ताला भाच्याचा फोटो काढला, तर घाटाचे काळेभोर दगड राखेच्या रंगाचे आले आणि पोराचा चेहरा ताकात बुडवल्यासारखा. अशा फोटोंना हल्ली ‘व्हिंटेज कॅरेक्टर’ म्हणून भाव मिळतो आणि लेन्सची किंमतही चढते. मला त्यात काही कॅरेक्टर दिसलं नाही, बिघाड दिसला.

लेन्स घेऊन कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. पुढच्या काचेवरचे ओरखडे दाखवले, तर त्यांनी मान हलवली. “चऱ्यांनी काय हुत न्हाई रं. हिकडं बघ. ट्यूबा मोज.” त्यांनी लेन्स छतावरच्या ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. आत लहानमोठ्या सहा ट्यूबलाइट दिसत होत्या, काही सुलट, काही उलट. चार जांभळट, दोन पांढऱ्याफटक. “ह्या दोन पांढऱ्या हाईत न्हवं, तिथं कोटिंगच न्हाई.” मग मागून टॉर्च मारला. मधल्या भिंगावर दुधावरच्या सायीसारखा पातळ थर होता. ग्रीसची वाफ वर्षानुवर्षं आत बसून तो धरला होता.

साय पुसता येते. पांढऱ्या ट्यूबांची गोष्ट मात्र मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हवेतून काचेत शिरताना सुमारे ४ टक्के उजेड मागे फिरतो, काचेतून बाहेर पडतानाही तेवढाच. तीन भिंगांना सहा पृष्ठभाग. सगळे उघडे, म्हणजे कोटिंग नसलेले असतील, तर १०० पैकी ७८ भाग पोचतात. पण खरं नुकसान या घटीचं नाही. मागे फिरलेला उजेड अलीकडच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा पुढे येतो आणि नको तिथे पडतो. सहा पृष्ठभागांच्या १५ जोड्या होतात, म्हणजे घोस्टच्या १५ वाटा. प्रत्येक वाटेने येणारा उजेड मूळच्या जेमतेम ०.१६ टक्के. पण मूळ उजेड सूर्याचा असेल, तर तेवढाही सावलीतला दगड राखाडी करायला पुरतो.

यावरचा उपाय एका ‘खराब’ काचेनेच दाखवला. इंग्लंडमधल्या हॅरोल्ड डेनिस टेलर यांनी १८९३ मध्ये तीन भिंगांची प्रसिद्ध ‘कुक ट्रिपलेट’ रचना केली. माझी लेन्स त्याच घराण्यातली. हवेने डागाळलेल्या जुन्या लेन्समधून नव्या कोऱ्या लेन्सपेक्षा जास्त उजेड जातो, हे त्यांच्या लक्षात आलं. मळलेली काच चकचकीत काचेला हरवते! तो डाग म्हणजे काचेवर बसलेला पातळ थरच होता. त्यांनी रसायनांनी काच मुद्दाम डागाळून पाहिली, पण दरवेळी सारखा परिणाम येईना. १९३५ मध्ये जर्मनीत त्साइस या लेन्स कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पेटीत पदार्थाची वाफ करून काचेवर थर, म्हणजेच कोटिंग, चढवण्याचं पेटंट घेतलं आणि युद्धकाळात ते लष्करी गुपित होऊन बसलं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, म्हणजे तिचा इथला सगळा काळ उघड्या काचांचा.

थर कसा काम करतो? मॅग्नेशियम फ्लोराईडचा थर घ्या. त्याच्या वरच्या पृष्ठभागावरून एक लाट परतते, खालच्या पृष्ठभागावरून दुसरी. दोन्ही विरळ माध्यमाकडून घन माध्यमाकडे जाताना परतलेल्या, म्हणून दोन्ही सारख्याच उलटतात आणि फरक उरतो तो फक्त अंतराचा. थराची जाडी पाव तरंगलांबी ठेवली, तर दुसरी लाट जाऊन-येऊन अर्धी तरंगलांबी जास्त चालते. एकीचा माथा दुसरीच्या खळग्यात बसतो आणि दोघी एकमेकींना पुसतात. ऊर्जा मात्र नाहीशी होत नाही, मागे न फिरलेला उजेड काचेतून पुढे जातो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर, थराचा अपवर्तनांक १.३८. हिशेब केला तर थरातली पाव लांबी येते १०० नॅनोमीटर. डोक्याचा केस त्याच्या शेकडो पट जाड असतो.

हिरवा पुसला गेला की परतणाऱ्या उजेडात तांबडा आणि निळा जास्त उरतो, म्हणून ती ट्यूब जांभळट दिसते. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात सांडलेल्या पेट्रोलवर जे रंग उमटतात, तेही पातळ थराचेच. अशा एका थराने परावर्तन ४ वरून दीड टक्क्याच्या आत येतं. घोस्टला दोनदा परतावं लागतं, म्हणून तो सात-आठ पट मंद होतो. आजच्या झूम लेन्समध्ये १५ भिंगं सहज असतात. त्यांचे ३० पृष्ठभाग उघडे असते, तर १०० पैकी २९ भागच पोचले असते.

काकांनी साय काढून दिली. कोटिंग त्यांच्या हातातलं नव्हतं. मी काळ्या कार्डशीटची नळी करून लेन्सपुढे हूड म्हणून लावली आणि पुन्हा रंकाळ्यावर गेलो. सूर्य फोटोच्या बाहेर ठेवला की घाटाचे दगड आता काळे येतात. सूर्य आत घेतला की पाण्यावर एक हिरवट ठिपका येतो आणि कॅमेरा डावीकडे वळवला की तोही डावीकडे सरकतो.