वस्तऱ्यासाठी दगड घेताना

दुकानात येणारे बहुतेक जण आधी धार लावायच्या १२००० ग्रिटच्या दगडाची चौकशी करतात. ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा आकडा, तो जितका मोठा तितका दगड बारीक. आम्ही त्यांच्यासमोर आधी १००० चा दगड ठेवतो. वस्तरा गालावर ओढल्यासारखा लागतो तेव्हा शेवटचा दगड क्वचितच कमी पडलेला असतो. बहुधा पहिल्या दगडावरचे काम अर्धवट राहिलेले असते.

हे पत्रक घडीच्या, अखंड पात्याच्या वस्तऱ्यासाठी आहे. सलूनमध्ये आता सर्रास दिसतो तो अर्धे ब्लेड घालायचा वस्तरा. त्याचे ब्लेड बदलायचे, त्याला धार लावत बसायचे नाही.

सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात, त्यामुळे कोन आपोआप ठरतो, साधारण १६-१७ अंशांचा. पाठ जराही उचलू नका. हात पुढे जाताना धार पुढे, टोकाला आल्यावर पाते पाठीवरून उलटायचे आणि परत. एकाच बाजूला घासत राहून सुरीसारखा पोलादाचा बारीक ओठ काढू नये, वस्तऱ्याची धार त्याने बिघडते.

१००० ग्रिट. इथे धारेलगतचे दोन्ही बाजूंचे घासलेले उतार टोकापासून मुठीपर्यंत एका रेषेत मिळाले पाहिजेत. दिव्याखाली धार वर करून पाहा. जिथे चमक दिसते, तिथे उतार अजून मिळालेले नाहीत. हाताचे केस त्वचेलगत, पात्याच्या प्रत्येक भागाने कापले जाऊ लागले की पुढे जा, त्याआधी नाही. या एका दगडावर आमचा निम्म्याहून अधिक वेळ जातो.

३००० ते ५००० मधला एक दगड. १००० चे ओरखडे काढण्यापुरता. दाब कमी करत आणायचा.

८०००. याचे कण साधारण १.२ मायक्रॉनचे. या दगडावरून नीट उतरलेल्या वस्तऱ्याने दाढी होते. पाते स्वतःच्या वजनाने सरकू द्या, बोटाचा भार नको.

१२००० चा दगड किंवा बेल्जियमचा नैसर्गिक कोटिक्युल हे त्यानंतरचे. त्याने धार मऊ लागते, हे खरे. पण आधीचे तीन दगड हाताला बसल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका. आम्ही दगड विकतो, तरीही हेच सांगतो.

दगडांवरचे आकडे एकाच मापाचे असतात असे समजू नका. पी २००० चा पॉलिश पेपर जपानी मापाच्या, म्हणजे वर दिलेल्या, ८००० च्या आसपास असेल असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे कण सुमारे १० मायक्रॉनचे, म्हणजे जपानी १००० च्या जवळचे असतात. हार्डवेअरच्या दुकानातला दुतोंडी कार्बोरंडमचा दगड कोयत्या-विळ्यासाठी उत्तम, वस्तऱ्याला मात्र फार भरड.

नवा दगड सपाट असेलच असे नाही. त्यावर पेन्सिलीने जाळी काढा आणि ३०० ते ४०० ग्रिटच्या डायमंड प्लेटवर पाण्याखाली घासा, सगळ्या रेषा जाईपर्यंत. खोलगट दगडावर पाते सगळीकडे सारखे टेकत नाही. दर वेळी दगड बदलताना वस्तरा आणि हात धुवा, भरड दगडाचा एक कण बारीक दगडावर आला तरी ओरखडा पडतो. दगड भिजवायचा की नुसते पाणी शिंपडायचे, हे घेताना विचारा. मॅग्नेशियाच्या बांधणीचे, म्हणजे कण मॅग्नेशियाने एकत्र धरलेले दगड पाण्यात ठेवले तर तडकतात.

शेवटी चामड्याचा पट्टा. इथे दिशा उलटी, पाठ पुढे आणि धार मागे. पट्टा ताणून धरून पन्नासेक फेऱ्या मारा. रोज दाढीआधी एवढे केलेत, तर दगडांकडे काही महिने वळावे लागणार नाही.

वारशाने आलेला, गंज चढलेला वस्तरा असेल तर काही करण्याआधी आणून दाखवा. धारेपाशी गंज खोल गेला असेल, तर दगड घेण्यात अर्थ नाही, आणि तसे असल्यास आम्ही ते तोंडावर सांगू.