क्लायंबर : मोटर व गिअर गुणोत्तराची निवड

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या मूळच्या अमेरिकी शालेय स्पर्धेत सामन्याच्या अखेरीस दांडी, दोर वा साखळी धरून रोबॉटला जमिनीवरून वर उचलणारी यंत्रणा. स्पर्धा १९९२ पासून होते. २००४ च्या खेळातील १० फुटी दांडी अधिक परिचित असली, तरी लटकण्याचे गुण २००० च्या खेळातही होते. क्लायंबरचा आरंभ तेथूनच धरणे योग्य. पुढे २०१३ मध्ये पिरॅमिड, २०१७ मध्ये दोर, २०२२ मध्ये दांड्यांची चढती रांग, २०२४ मध्ये साखळी व २०२५ मध्ये टांगते पिंजरे आले.

गणित वजनापासून सुरू होते. बॅटरी व बंपरसह रोबॉट सु. ६८ किग्रॅ. धरला, तर ओढ ६६७ न्यूटन होते. दोर वा पट्टा गुंडाळणाऱ्या २५ मिमी. व्यासाच्या रिळावर त्यासाठी ८.३४ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो. निओ या स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या मोटरला ५:१ चे दोन प्लॅनेटरी (मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या गिअरांचे) टप्पे जोडून २५:१ गुणोत्तर, म्हणजे मोटरच्या २५ फेऱ्यांना रिळाचा एक फेरा, घेतले व कार्यक्षमता ८० टक्के मानली, तर मोटरवर ०.४२ न्यूटन-मीटर, म्हणजे स्टॉल टॉर्कच्या (मोटर अडून थांबते त्या वेळच्या टॉर्कच्या) १६ टक्के भार येतो. वेग सेकंदाला २५ सेंमी. पडतो, ६० सेंमी. चढायला अडीच सेकंदही लागत नाहीत. सामन्याच्या शेवटी बॅटरीचा विद्युत दाब उतरलेला असतो, म्हणून भार स्टॉलच्या चतुर्थांशाखाली ठेवावा. प्रत्येक मोटरच्या वाटेवरचा ब्रेकर (जादा प्रवाह तोडणारा स्विच) जास्तीत जास्त ४० अँपिअरचा असतो.

निओच्या प्रसिद्ध आकड्यांबाबत येथे सावध राहावे लागते. स्टॉलला २.६ न्यूटन-मीटर व १०५ अँपिअर यांवरून टॉर्क स्थिरांक (दर अँपिअरला मिळणारा टॉर्क) ०.०२४८ निघतो, १२ व्होल्टला मिनिटाला ५,६७६ फेरे या निर्भार (भार नसतानाच्या) वेगावरून मात्र ०.०२०२. एकाच मोटरचे हे दोन स्थिरांक तत्त्वतः सारखे असायला हवेत. स्टॉल टॉर्क व स्टॉल प्रवाह मोजताना गुंडाळ्या तापतात, नियंत्रक प्रवाहाला मर्यादा घालतो. त्यामुळे निर्भार वेगावरून काढलेला आकडा अधिक विश्वसनीय ठरतो. त्यानुसार वरील उदाहरणात प्रवाह स्टॉलच्या आकड्यांवरून निघणारा १८ नव्हे, सु. २२ अँपिअर येईल. निवड बदलत नाही, पण दोन क्लायंबर मोटरी आणि चालती चाके एकाच वेळी असतील, तर फरक जाणवतो.

गणित बहुधा बिघडते ते रिळावर. २ मिमी. जाडीचा पट्टा एकावर एक गुंडाळला, तर पाच वेढ्यांत ५५ सेंमी. पट्टा येतो आणि परिणामी त्रिज्या १२.५ वरून २१.५ मिमी. होते. म्हणजे टॉर्क ७२ टक्क्यांनी वाढतो, आणि तोही चढाईच्या शेवटी. पट्टा वापरायचा असेल, तर गुणोत्तर शेवटच्या वेढ्यावरून ठरवावे. नाहीतर डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याचा बारीक दोर शेजारीशेजारी वेढे पडतील असा रुंद रिळावर घ्यावा. दोन बाहू असल्यास भार निम्मा होतो असे मानणेही धोक्याचे. एक हूक उशिरा अडकला, तर पूर्ण वजन क्षणभर एकाच गिअरबॉक्सवर येते. मोटर टिकते, तुटतो तो शेवटच्या टप्प्याचा गिअर किंवा षट्कोनी दंड (शाफ्ट).

सामना संपताच मोटरींची वीज थांबते, पण लटकणे त्यानंतर काही सेकंदांनी तपासले जाते. मोटरला केवळ ब्रेक मोडवर (तिच्या तारा आपसांत जोडून फिरण्याला विरोध करणाऱ्या स्थितीत) ठेवल्यास वरील उदाहरणातलाच रोबॉट सेकंदाला सु. ३ सेंमी. खाली सरकतो, पाच सेकंदांत १५ सेंमी. यावर रॅचेट (एकाच दिशेने फिरू देणारे दातेरी चाक) व त्यात अडकणारी खिट्टी हा रूढ उपाय. बाहू स्प्रिंगने वर जाणारे असतील, तर सुरुवातीला खिट्टी सर्व्होने (ठरावीक कोनात फिरणाऱ्या लहान मोटरने) उचलून धरावी लागते. ताण आल्यावर सर्व्होला ती सोडवता येत नाही. वर्म गिअर (स्क्रूसारख्या दंडाने फिरणारा गिअर) आपोआप रोखतो, मात्र त्यात शक्ती बरीच वाया जाते. २०२२ सारख्या, एका दांडीवरून दुसरीवर जाण्याच्या खेळात बाहू भाराखाली दोन्ही दिशांना चालवावे लागतात. तेथे रॅचेट अडचणीचा ठरतो आणि गुणोत्तर वाढवून घसरण कमी करणे हा मार्ग उरतो.

जुनी सिम मोटर जड पण सोशीक. ७७५प्रो ही लहान मोटर मिनिटाला १८,७३० फेरे घेते, म्हणून तिला सु. १००:१ लागते, तिचा पंखा दंडावरच असल्याने अडकून थांबली की थंडावा जातो व ती काही सेकंदांत जळते. क्रॅकन एक्स६० या मोटरचा स्टॉल टॉर्क ७.०९ न्यूटन-मीटर आहे. तिला लहान गुणोत्तर चालते, पण मोटर जितकी ताकदवान तितकी प्रवाहाची मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये घालणे आवश्यक; बाहू टोकाला टेकल्यावर ती थांबण्याऐवजी दोर तोडते.